तुकड्यासोबत जाणारा कागद

माझ्या धाकट्या मुलीच्या कमरेवर, कण्याच्या जरा डावीकडे, ती साधारण दीड वर्षाची असताना आम्हांला एक उंचवट्याचा चट्टा दिसला. त्याचा रंग कातडीचाच, थोडासा पिवळसर होता. वर छिद्रे स्पष्ट दिसत होती आणि बोटाला तो रबरी, कडकसर लागत होता. कातडी चिमटीत धरून हलवली की तो कातडीबरोबर हलायचा, म्हणजे खालच्या स्नायूला चिकटलेला नव्हता. खाज नाही, दुखणे नाही, ताप नाही. मुलगी खात-पीत होती, धावत होती, त्यामुळे घरात कोणालाच घाई वाटली नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही राहतो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलीचे वडील कापूस व केळीची शेती पाहतात. या चट्ट्याचे नेमके निदान होईपर्यंत आम्ही ज्या टप्प्यांतून गेलो, ते इतर पालकांच्या उपयोगी पडतील असे वाटल्याने येथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला घरी-दारी या चट्ट्याला बरीच नावे मिळाली. सासूबाई म्हणाल्या, ‘घाबरू नको वं, हाई जलमखूण शे.’ शेजारच्या काकूंना तो नायटा वाटला आणि त्यांच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलम घरात आले. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घातलेले असते. आपल्याकडे ते चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि लहान मुलांची कातडी त्याने पातळ होते. मी ते लावू दिले नाही. त्याच सुमारास गावात कुष्ठरोग शोध मोहीम चालू होती. घरोघरी तपासणी करणाऱ्या आशाताईंनी चट्टा पाहून मुलीचे नाव टिपून घेतले आणि आम्हांला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. घरात यावरून थोडी कुरबुर झाली, पण माझ्या मते आशाताईंनी केले ते योग्यच होते. आपल्या भागात कातडीवरच्या कोणत्याही न दुखणाऱ्या चट्ट्याबाबत हा प्रश्न आधी विचारला गेलाच पाहिजे. तेथील डॉक्टरांनी कापसाच्या टोकाने चट्ट्यावर आणि भोवती हळूच स्पर्श केला. एवढ्या लहान मुलीला काय जाणवते ते सांगता येत नाही, म्हणून ती अंग चोरते का एवढेच पाहायचे असते. तिने दोन्ही ठिकाणी सारखेच अंग चोरले, आणि हा चट्टा कुष्ठरोगाचा नसल्याचे त्यांनी सांगितले.

तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना चरबीची गाठ किंवा केलॉइड (व्रणाच्या ऊतीची जाड वाढ) अशी शंका आली. त्यांनी एका शल्यचिकित्सकांकडे पाठवले, आणि तेथे जागा बधिर करून चट्ट्याच्या मधोमधून एक लहानसा, उथळ तुकडा काढण्यात आला. तुकड्याबरोबर प्रयोगशाळेत गेलेल्या कागदाची प्रत आजही आमच्या फाइलीत आहे. त्यावर मुलीचे नाव, ‘पाठ’ हा शब्द आणि प्रश्नचिन्हासह ‘केलॉइड’ एवढाच मजकूर आहे. वयाचा रकाना रिकामा आहे. अहवालात त्वचेचा वरचा थर सर्वसाधारण असल्याचे, खालच्या थरात किंचित तंतुवाढ असल्याचे आणि विशिष्ट निदान करता येत नसल्याचे लिहिले होते. शेवटी रुग्णाच्या तपासणीशी पडताळून पाहावे, अशी सूचना होती. आम्हांला तो अहवाल ‘काही निघाले नाही’ असा समजावून सांगण्यात आला, आणि आमच्या घरात बरेच दिवस तोच अर्थ धरला गेला.

दरम्यान चट्टा थोडा पसरला. कडेला दोन बारीक उंचवटे नव्याने उमटले, म्हणून आम्ही जळगावला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी मुलीला पाहिले. त्यांचा पहिला प्रश्न होता, चट्टा जन्मतः होता की नंतर आला? मला खात्रीने सांगता येईना. घरी येऊन मोबाइलमधील जुनी छायाचित्रे चाळली, तर तिला पालथे झोपवून तेल लावतानाची एक चित्रफीत सापडली. तीत कंबर गुळगुळीत दिसत होती. आणखी भक्कम साक्ष मिळाली ती बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशींची. त्यांनी तिच्या पाठीवरून महिनोन्‌महिने तळहात फिरवला होता आणि त्या ठामपणे म्हणाल्या की असे काही असते तर हाताला लागल्याशिवाय राहिले नसते. डॉक्टरांनी ही माहिती जशीच्या तशी टिपून घेतली.

लहान मुलांच्या कातडीवर अशी वाढ दिसली की डॉक्टरांच्या मनात कोणकोणत्या शक्यता येतात, हे त्या दिवशी मला प्रथम समजले. कातडीच्या वरच्या पातळ थराखाली संयोजी ऊतीचा जाड थर असतो; त्यात कोलॅजनचे मजबूत तंतू आणि इलास्टिनचे लवचीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. यांपैकी एखादा घटक एका जागी प्रमाणाबाहेर साठला की त्या वाढीला कनेक्टिव्ह टिश्यू नीव्हस म्हणतात. कोलॅजन जास्त असेल तर कोलॅजिनोमा, इलास्टिन जास्त असेल तर इलास्टोमा. हे कर्करोग नव्हेत. परंतु दिसायला यांच्या जवळपास असणाऱ्या इतर वाढीही असतात आणि त्यांतील प्रत्येकीची जागा, वय व वागणे निराळे असते. फायब्रस हॅमार्टोमा ऑफ इन्फन्सी ही गाठ बहुधा पहिल्या दोन वर्षांत, काखेत, दंडावर किंवा जांघेत, कातडीच्या खाली येते आणि मुलग्यांत जास्त आढळते. इन्फन्टाइल डिजिटल फायब्रोमा हाता-पायांच्या बोटांवर येतो, अंगठ्यांना बहुधा सोडून देतो, कापून काढला तरी अनेकदा परत येतो आणि पुष्कळदा काही वर्षांनी आपोआप ओसरतो. म्हणून त्याच्यावर उगाच सुरी चालवू नये, असे डॉक्टर म्हणाले. इन्फन्टाइल मायोफायब्रोमॅटोसिसमध्ये लालसर-जांभळट कडक गाठी येतात आणि क्वचित त्या हाडांत किंवा आतल्या अवयवांतही असतात. या सर्वांत ज्याला चुकवून चालत नाही तो डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स. हा सावकाश वाढणारा कर्करोग प्रौढांत अधिक दिसतो, पण लहान मुलांतही होतो, आणि सुरुवातीला केवळ एक निरुपद्रवी, कडकसर चट्टा वाटतो. त्यामुळे तो वर्षानुवर्षे जन्मखूण म्हणून दुर्लक्षित राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

हे सांगत असतानाच डॉक्टरांचे हात काम करत होते. त्यांनी पेनच्या मागच्या टोकाने चट्टा काही वेळ चोळला आणि थांबून पाहिले. मास्टोसायटोमा नावाच्या वाढीत असे चोळले की जागा लाल होऊन फुगते, कारण तेथील पेशी हिस्टामिन सोडतात. तीही पिवळसर आणि खडबडीत असते, म्हणून हा फरक करावा लागतो. कमरेवरच्या आणखी एका जन्मजात वाढीत, स्मूथ मसल हॅमार्टोमात, चोळल्यावर चट्टा क्षणभर उठून येतो आणि त्यावर लव जास्त असते. आमच्या मुलीच्या चट्ट्यावर यांपैकी काहीच घडले नाही. मग त्यांनी चट्टा मधल्या रेषेपासून किती दूर आहे ते पट्टीने मोजले. कण्यावर, अगदी मध्यभागी केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ असेल तर आतल्या मज्जारज्जूत दोष असू शकतो, आणि अशा जागी तुकडा काढण्यापूर्वी आतले चित्र पाहावे लागते. आमचा चट्टा बाजूला होता, खळगा नव्हता, पायांची ताकद व्यवस्थित होती.

त्यानंतर त्यांनी मुलीचे सगळे कपडे काढायला लावले, खोलीतला दिवा बंद केला आणि वुड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशात तिचे सारे अंग पाहिले. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला, साध्या उजेडात मला कधी न दिसलेला, लांबट फिकट डाग त्या प्रकाशात स्पष्ट झाला. आपल्याकडे मुलांच्या अंगावर फिकट डाग दिसला की पोटात जंत झाले किंवा कॅल्शियम कमी पडले असे म्हणतात. गालावरच्या बहुतेक डागांना त्यांपैकी काहीच कारण नसते, ती कोरड्या कातडीची सौम्य तक्रार असते. मांडीवरच्या या एका डागाचे महत्त्व मात्र वेगळे होते, आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांना वळण त्यानेच दिले.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकारात मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे आणि कातडी यांत सौम्य गाठी वाढतात. फ्रान्समधील डॉक्टर बूर्नव्हील यांनी १८८० मध्ये मेंदूतील त्याच्या खुणांचे वर्णन केले. साधारण सहा हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. त्यातील कातडीची एक खूण म्हणजे कमरेवर येणारा, संत्र्याच्या सालीसारख्या पृष्ठभागाचा उंचवट्याचा चट्टा, ज्याला शाग्रीन पॅच म्हणतात. आणि दुसरी खूण म्हणजे जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसणारे फिकट डाग. निदानाच्या प्रमुख निकषात बसण्यासाठी असे डाग किमान तीन आणि प्रत्येकी किमान पाच मिलिमीटरचे असावे लागतात. आमच्या मुलीला एकच होता, आणि एखाददुसरा फिकट डाग निरोगी मुलांतही आढळतो. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सारख्याच शांतपणे सांगितल्या. घरात कोणाला आकडी येते का, असे विचारून ते लगेच म्हणाले की नाही म्हटल्याने आपण निश्चिंत होणार नाही, कारण या विकाराच्या जवळपास दोनतृतीयांश मुलांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो आणि आईवडिलांत काहीही नसते. पहिल्या वर्षी, झोपेतून उठताना, ती एकापाठोपाठ एक अशी अंग आवळून झुकायची का, हेही त्यांनी विचारले. त्या वयातल्या आकड्या अशाच असतात, आणि घरचे लोक त्यांना दचकणे किंवा पोटदुखी समजतात.

दुसऱ्यांदा तुकडा काढण्याची गरज पटायला मला वेळ लागला, कारण मुलीला पुन्हा त्या टेबलावर धरून ठेवणे नकोसे वाटत होते. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावले. पहिला तुकडा उथळ होता. त्यात खालच्या थराचा थोडाच भाग आला होता आणि चरबीपर्यंत तो पोचलाच नव्हता. सार्कोमा चरबीत शिरला आहे का, हे पाहायचे तर चरबी तुकड्यात असायलाच हवी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. कनेक्टिव्ह टिश्यू नीव्हसमध्ये काही परके, विचित्र असे नसतेच. जे तंतू सगळ्यांच्या कातडीत असतात, तेच जास्त असतात. शिवाय पाठीची कातडी मुळातच जाड असते. त्यामुळे केवळ चट्ट्याचा मधला भाग पाहिला तर ती निरोगी पाठीची कातडीच वाटू शकते. शेजारची चांगली कातडी त्याच काचपट्टीवर, त्याच जाडीच्या कापात दिसली, तरच फरक कळतो. म्हणून या वेळी चट्ट्याची कड ओलांडून निरोगी भागात जाणारा, लांबट, चरबीपर्यंत खोल तुकडा घ्यायचे ठरले.

बधिर करणारे मलम आधी जाड थरात लावून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली आणि पुरेसा वेळ जाऊ दिला, त्यामुळे सुईच्या वेळी मुलगी पहिल्या वेळेइतकी रडली नाही. तिचे बाबा तिला छातीशी उभे धरून होते. तुकडा बाहेर आल्यावर तो लगेच फॉर्मालिनच्या बाटलीत गेला. द्रव तुकड्याच्या किमान दहापट असावा लागतो, नाहीतर तो आतून कुजतो, असे परिचारिकाताईंनी सांगितले. टाके घातले गेले. आणि मग डॉक्टरांनी तुकड्याबरोबर जाणारा कागद माझ्यासमोर भरला, ज्याला पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. वय, नेमकी जागा, केव्हा दिसला आणि त्यापूर्वी नव्हता याचा पुरावा काय, वाढ होते आहे का, चोळल्यावर फरक नाही, मांडीवर एक फिकट डाग, कुटुंबात आकडी किंवा अशा गाठी नाहीत, आधीच्या तुकड्याचा क्रमांक आणि निष्कर्ष, निरोगी कातडीचा भाग कोणत्या टोकाला आहे, हे सर्व त्यात होते. खाली मनातल्या शक्यता क्रमाने लिहिल्या होत्या आणि कोणते रंग वापरावेत याची विनंती होती. चट्ट्याची दोन छायाचित्रेही सोबत गेली.

मुलांच्या आजारांत रिपोर्ट म्हणजे यंत्रातून निघणारी निकालपत्रिका आहे, अशी आपल्याकडे समजूत असते. मीही मुलांना वर्गात सूक्ष्मदर्शक दाखवते, तरी माझी समजूत फारशी वेगळी नव्हती. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या डॉक्टरांनी मुलीला पाहिलेले नसते. त्यांना काय शोधायचे आहे ते त्या कागदावरूनच कळते, आणि कागद रिकामा असेल तर ते प्रामाणिकपणे ‘विशिष्ट निदान नाही’ एवढेच लिहू शकतात.

काही दिवसांनी आम्ही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना भेटलो. मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला काचपट्टी दाखवली, आणि हा या साऱ्या प्रवासातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद तास होता. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या पट्टीत मला काहीच उमगले नाही. मग त्यांनी व्हेरहॉफ-व्हॅन गीसन रंगाची पट्टी लावली. १९०८ मध्ये व्हेरहॉफ यांनी शोधलेल्या या रंगात लवचीक तंतू काळे होतात आणि कोलॅजन लालसर दिसते. निरोगी टोकाला बारीक काळ्या रेषा बऱ्यापैकी सारख्या अंतरावर विखुरलेल्या होत्या. काचपट्टी सरकवत नजर हळूहळू चट्ट्याकडे नेली तशी लाल भागांची जाडी वाढत गेली, थर खोल झाला आणि काळ्या रेषा एकमेकींपासून दूर जाऊन विरळ झाल्या. लवचीक तंतू खरोखर कमी झाले आहेत की वाढलेल्या कोलॅजनने त्यांना फाकवले आहे, हे नेहमी सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मॅसन ट्रायक्रोम रंगात कोलॅजन निळे आणि स्नायू लाल होतो. आमच्या पट्टीत निळाई भरपूर होती, लाल जुडगे वाढलेले नव्हते, म्हणजे स्नायूची वाढ नव्हती.

सीडी ३४ या, काही पेशींवरचे एक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या चाचणीचे त्यांनी वेगळे स्पष्टीकरण दिले. सार्कोमाच्या पेशी या चाचणीत बहुधा सलग रंगतात आणि चरबीत जाळीसारख्या घुसतात. परंतु एक निरुपद्रवी वाढही याच चाचणीत रंगते, त्यामुळे केवळ रंगले म्हणून कर्करोग ठरवता येत नाही. तेथे १७ व २२ या गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे कॉल-१-ए-१ आणि पीडीजीएफ-बी या जनुकांचे एकत्र येणे, फिश या तपासणीने पाहावे लागते. आमच्या पट्टीत फक्त रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर रंगले होते. ते रंगणे अपेक्षितच असते, आणि ते रंगले म्हणजे चाचणी नीट लागली आहे हेही कळते. आजूबाजूच्या पेशी रंगल्या नव्हत्या, त्यांची संख्या वाढलेली नव्हती, चरबी स्वच्छ होती. सार्कोमाची शक्यता येथे संपली, आणि फिशची गरज उरली नाही. अहवालात ‘कनेक्टिव्ह टिश्यू नीव्हस, कोलॅजिनोमा प्रकार’ असे आले.

घरी सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, तो थोडा लवकरच. शाग्रीन पॅचचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसतो. म्हणजे हा एकटा, स्वतंत्र कोलॅजिनोमा आहे की ट्यूबरस स्क्लेरोसिसची एक खूण आहे, हे काचपट्टी कधीच सांगू शकणार नव्हती. ते मुलीचे बाकीचे शरीर तपासूनच ठरणार होते. त्या विकाराच्या निकषांत शाग्रीन पॅच हा एक प्रमुख निकष आहे, आणि निश्चित निदानासाठी दोन प्रमुख निकष, किंवा एक प्रमुख व दोन गौण निकष लागतात. एकाच प्रमुख निकषावर फक्त ‘शक्यता’ म्हणता येते. जळगावच्या डॉक्टरांनी म्हणूनच आम्हांला मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बालत्वचारोग विभागात पाठवले आणि काचपट्ट्यांबरोबर, ज्यांत तुकडे बसवून काप काढतात ते दोन्ही मेणाचे ब्लॉकही घेऊन जायला सांगितले. ब्लॉक मागितल्यावर प्रयोगशाळा ते नोंद करून देते, हे अनेक पालकांना माहीत नसते. नव्याने काप काढायचे असले तर पट्टी पुरत नाही, ब्लॉकच लागतो.

मे महिना होता. आपल्याकडे त्या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात बंद गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी जास्त तापमान होते. ज्या मेणात तुकडा बसवलेला असतो ते साठ अंशांच्या आसपास वितळते. प्रयोगशाळेतल्या मुलाने ब्लॉक कापसात गुंडाळून देताना निक्षून बजावले की गाडीत ठेवून कोठे जेवायला उतरू नका. मी ते पाणी भरायच्या थर्मासमध्ये, कोरडे करून, घातले आणि रेल्वेत रात्रभर डोक्याशी ठेवले. मुंबईच्या डॉक्टरांनी तुकड्याचे निदान मान्य केले आणि पुढचा तपास हाती घेतला.

डोळ्यांच्या पडद्यावर गाठी नव्हत्या. मूत्रपिंडांच्या सोनोग्राफीत गळू किंवा गाठ नव्हती. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, स्वच्छ होता. मात्र या विकारातील हृदयाच्या गाठी तान्ह्या बाळांत जास्त असतात आणि वय वाढेल तशा बहुधा आकसतात, म्हणून दोन वर्षांच्या मुलीचे हृदय स्वच्छ असणे तितकेसे निर्णायक नसते. त्यांनी माझ्या गरोदरपणातल्या सोनोग्राफीचे अहवाल मागितले. ते माझ्याजवळ होते, शेवटच्या महिन्यांतलाही एक होता, आणि त्यात हृदयाबद्दल काही वावगे नोंदवलेले नव्हते. जुने कागद ठेवण्याची सवय अशी उपयोगी पडली. झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झाला. मेंदूच्या एमआरआयसाठी तिला भूल द्यावी लागली, आणि त्याबद्दल घरात बराच विचार झाला. सासऱ्यांना हे अति वाटत होते. डॉक्टरांचे म्हणणे असे होते की शंका धरून वर्षानुवर्षे जगण्यापेक्षा एकदा मेंदू पाहून घ्यावा, कारण या विकारात आकड्या सुरू होण्यापूर्वीच लक्ष ठेवता आले तर उपचारांत फरक पडतो. मेंदूत गाठी नव्हत्या.

यानंतर जी तपासणी झाली ती आमच्या गावात अजून थट्टेचा विषय आहे, कारण मुलीच्या पाठीवरच्या चट्ट्यासाठी डॉक्टरांनी तिच्या वडिलांच्या आणि माझ्या हातांचे व कमरेच्या हाडांचे एक्स-रे काढले. अब्राहम बुश्के आणि हेलेने ओलेनडॉर्फ यांनी १९२८ मध्ये वर्णन केलेला एक विकार आहे, ज्यात कातडीवर अशाच संयोजी ऊतीच्या वाढी येतात आणि हाडांच्या टोकांत पांढरे ठिपके दिसतात. बुश्के-ओलेनडॉर्फ सिंड्रोम असे त्याचे नाव. एलईएमडी ३ नावाच्या जनुकातील दोष त्याला कारण असल्याचे २००४ मध्ये समजले. हाडांतले ठिपके सहसा काही त्रास देत नाहीत, पण ते एक्स-रेत हाडाच्या कर्करोगाचे ठिपके समजले जाऊ शकतात, म्हणून निदान आधी माहीत असलेले बरे. लहान मुलांच्या हाडांत ठिपके उशिरा दिसतात आणि हा विकार आईवडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो. म्हणून आमची हाडे तपासली. दोघांचीही स्वच्छ निघाली.

शेवटी अनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांशी बसून टीएससी १ आणि टीएससी २ या जनुकांची तपासणी करायची की नाही, हे ठरवले. यांतले पहिले नवव्या, तर दुसरे सोळाव्या गुणसूत्रावर असते. त्यांनी आधीच सांगितले की ज्यांना हा विकार निश्चित आहे अशांपैकीही दहा ते पंधरा टक्के लोकांत नेहमीच्या तपासणीत बदल सापडत नाही, काही वेळा तो शरीराच्या थोड्याच पेशींत असतो. म्हणून ‘सापडला नाही’ या उत्तराने दार पूर्ण बंद होणार नाही. खर्च आमच्या आवाक्यातला होता म्हणून आम्ही तो केला. सगळ्यांनी केलाच पाहिजे असे मी म्हणणार नाही, आणि डॉक्टरांनीही तसा आग्रह धरला नव्हता. बदल सापडला नाही.

त्यामुळे सध्या अहवालांच्या वरच्या कागदावर ‘एकटा कोलॅजिनोमा, ट्यूबरस स्क्लेरोसिसचा पुरावा नाही, नियमित पाहणी आवश्यक’ असे लिहिलेले आहे. चेहऱ्यावर नाकाच्या बाजूंना बारीक लालसर पुरळ तीन ते पाच वर्षांच्या सुमारास दिसू लागते, तर नखांच्या कडेच्या गाठी किशोरवयात किंवा त्याहून उशिरा येतात, म्हणून पाहणी मोठेपणापर्यंत चालू ठेवायची आहे. दर वर्षी आम्ही चट्टा पट्टीशेजारी ठेवून त्याचे छायाचित्र घेतो, वुड्स लॅम्पखाली अंग पाहिले जाते आणि डोळे तपासले जातात. मुलीची वाढ होते तसा चट्टाही मोठा होतो, पण तिच्या अंगाच्या मानाने तो तेवढाच आहे. मांडीवरचा डाग एकटाच राहिला आहे.

चट्टा काढून टाकावा का, हा प्रश्न नातेवाईक अजूनही विचारतात, विशेषतः मुलगी आहे म्हणून. डॉक्टरांनी आम्हांला सांगितले की तो त्रास देत नाही, त्याचा कर्करोग होत नाही, आणि कमरेवर ताण पडणाऱ्या जागी कापल्यावर राहणारा व्रण चट्ट्यापेक्षा जास्त ठळक होऊ शकतो. दुसऱ्या बायोप्सीचा व्रण पाहूनच हे आम्हांला पटले. पुढे तिला स्वतःला तो नकोसा वाटला तर तेव्हा तिच्याशी बोलून ठरवता येईल. आमच्या फाइलीची एक प्रत तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे दिली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर दोन्ही ब्लॉकचे क्रमांक व दुसऱ्या वेळी भरलेल्या त्या कागदाची छायाप्रत लावली आहे, कारण पुढे कोणाला ते काप नव्याने पाहावेसे वाटले तर त्यांनी सुरुवात तेथूनच करावी.